ब्रोशरमधल्या फ्लॅटमध्ये एवढा उजेड येतो कुठून? समजून घ्या थ्रीडी चित्रांमधल्या दिव्यांचं गणित

रविवारची सकाळ, बिल्डरचं साइट ऑफिस आणि टेबलावर गुळगुळीत कागदाचं ब्रोशर. चित्रात टू बीएचकेचा हॉल आहे. सोफ्यावर कवडसा पडलाय, फरशी चमकतेय, कोपऱ्यातली कुंडीसुद्धा उजळून निघालीय. इमारतीचा मात्र अजून पायाही भरलेला नाही. म्हणजे हे चित्र फोटो नाही. संगणकावर आधी घर बांधलं गेलं, मग त्यात दिवे लावले गेले आणि त्यानंतर ते 'टिपलं' गेलं.

या चित्राच्या भरवशावर अनेक जण टोकन देतात आणि वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतात. पझेशन मिळाल्यावर कळतं की हॉलमध्ये दुपारीही ट्यूब लावावी लागते. म्हणूनच हा उजेड तयार कसा होतो, हे घर घेणाऱ्यालाही माहीत असायला हवं. थ्रीडी शिकणाऱ्यांसाठी तर हा पहिलाच धडा आहे.

थ्रीडी सीनमध्ये दिवे का लावावे लागतात?

संगणकावर बांधलेल्या घरात भिंती, खिडक्या, सोफा सगळं असतं, पण उजेड नसतो. तो वेगळा ठेवावा लागतो. दिवा आणि आकाश दोन्ही नसतील, तर रेंडर म्हणजे अंतिम चित्र पूर्ण काळं येतं.

ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ. त्यात नवी फाइल उघडली की एक ठोकळा, एक कॅमेरा आणि एक दिवा आधीपासून ठेवलेला असतो. दिवे चार प्रकारचे असतात.

पॉइंट लाइट म्हणजे उघडा बल्ब. त्याचा उजेड चारी बाजूंना जातो. स्पॉट लाइट म्हणजे टॉर्च किंवा नाटकाच्या रंगमंचावरचा झोत. एरिया लाइट म्हणजे फॉल्स सीलिंगमधलं चौकोनी पॅनल. त्याचा उजेड पसरट आणि मऊ असतो. चौथा सन लाइट, म्हणजे सूर्य. याला सीनमध्ये कुठेही ठेवलं तरी फरक पडत नाही, फक्त त्याची दिशा महत्त्वाची. खरा सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळपास समांतर येतात. सॉफ्टवेअरमध्येही तेच गृहीत धरलेलं असतं.

याशिवाय आभाळाचा उजेड लागतो. त्यासाठी बहुतेक जण एचडीआरआय वापरतात. हा आभाळाचा चारी बाजूंनी टिपलेला फोटो असतो. त्यात प्रत्येक भागाच्या उजेडाची तीव्रताही साठवलेली असते, त्यामुळे तो फोटोच सीनला उजेड पुरवतो.

दिवा ठेवला, पण तो जुळवायचा कसा?

इथे चार गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, अंतर. बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. तिप्पट केलं तर एक नवमांश. म्हणून नवशिक्यांच्या सीनमध्ये दिव्याजवळची भिंत पांढरीफटक आणि समोरचा कोपरा अंधारा असं होतं. पॉवर वाढवून हे सुटत नाही. दिवा लांब न्यावा लागतो किंवा दुसरा लावावा लागतो.

दुसरी, दिव्याचा आकार. लहान दिव्याची सावली धारदार पडते, मोठ्या दिव्याची मऊ. भर दुपारी उन्हात उभं राहिलं की सावली कापल्यासारखी दिसते, कारण आभाळात सूर्याची चकती जेमतेम अर्ध्या अंशाची असते. ढग भरून आले की सगळं आभाळच एक मोठा दिवा होतं आणि सावली जवळपास नाहीशी होते.

तिसरी, रंग. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो, दिवसाचा उजेड साधारण ६५०० केल्विनचा. आकडा वाढला की उजेड निळसर होतो. दोन्ही एकाच चित्रात असतील, तर खिडकीजवळ थंड आणि दिव्याजवळ उबदार छटा दिसायला हवी.

चौथी, पॉवर. ब्लेंडरमध्ये सूर्य सोडून बाकी दिव्यांची पॉवर वॅटमध्ये असते, पण ते विजेच्या बिलातले वॅट नव्हेत. घरात ९ वॅटचा एलईडी आहे म्हणून इथेही ९ टाकलं, तर तसाच उजेड मिळेल असं नाही. नव्या फाइलमधला दिवाच १००० वॅटचा असतो आणि तरीही तो डोळे दिपवत नाही.

अनुभवी आर्टिस्ट एक साधी पद्धत पाळतात. सगळ्या वस्तूंना आधी एकच करडा रंग देतात, म्हणजे फर्निचरच्या रंगात नजर अडकत नाही. मग सूर्य, मग आभाळ, मग घरातले दिवे अशा क्रमाने एकेक सुरू करून बघतात. जो दिवा बंद केल्यावर काहीच बदलत नाही, तो काढून टाकतात.

दिवा नसलेल्या कोपऱ्यातही उजेड कसा पोचतो?

खऱ्या घरात ऊन फरशीवर पडतं, तिथून छतावर उडतं, छतावरून भिंतीवर जातं. पलंगाखाली दिसतो तो असाच परावर्तित उजेड. संगणकाला हे शिकवायला बराच वेळ लागला. १९८४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी भिंतीवरून भिंतीवर जाणाऱ्या उजेडाचा हिशेब मांडला. १९८६ साली जेम्स कजिया यांनी या सगळ्यासाठी एक समीकरण दिलं आणि किरणांचा माग काढत ते सोडवायची पद्धतही दिली. ब्लेंडरमधलं सायकल्स हे इंजिन याच पद्धतीवर चालतं.

म्हणजे आज संगणक उजेड बऱ्यापैकी खरा दाखवू शकतो. पण त्याला सूर्य कुठे आहे आणि खिडकीसमोर काय आहे, हे माणसानेच सांगायचं असतं.

मग ब्रोशरमध्ये गडबड कुठे होते?

पुण्याचं उदाहरण घ्या. पुणे साधारण १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवर असतो. २३ सप्टेंबर ते २१ मार्च या काळात सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच असतो. म्हणजे सरळ उत्तरेला उघडणाऱ्या खिडकीत या सहा महिन्यांत थेट ऊन येतच नाही. जूनमध्ये सूर्य उत्तरेला जातो, पण मध्यान्ही तो सुमारे ८५ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो. साधा छज्जाही ते ऊन अडवतो.

आता उत्तरेच्या हॉलमध्ये सोफ्यापर्यंत कवडसा दाखवायचा असेल, तर आर्टिस्टला सन लाइट फक्त फिरवावा लागतो. दोन सेकंदांचं काम.

दक्षिणेच्या हॉलचंही गणित करता येतं. सात फूट उंचीच्या दारातून २१ डिसेंबरच्या मध्यान्ही ऊन सुमारे सहा फूट आत येईल. पण त्यावर पाच फूट बाहेर आलेला, साडेनऊ फूट उंचीवरचा वरच्या बाल्कनीचा स्लॅब असेल, तर ते साडेतीन फुटांवर थांबेल.

शेजारची इमारत तर चित्रात बऱ्याचदा नसतेच. दक्षिणेला १५ मीटरवर २२ मजली टॉवर आहे आणि मजला ३ मीटरचा आहे असं धरलं, तर त्याच वेळी आपल्या इमारतीचे खालचे सुमारे सोळा मजले सावलीत असतील. सीनमध्ये तो टॉवर बांधलाच नाही, तर दुसऱ्या मजल्यावरही लख्ख ऊन दिसतं.

याशिवाय खिडकीबाहेर कॅमेऱ्याला न दिसणारा एरिया लाइट ठेवता येतो, कॅमेऱ्यामागची भिंत काढून तिथून उजेड सोडता येतो आणि शेवटी एक्स्पोजर वाढवता येतं. या सगळ्याला फसवणूक म्हणता येणार नाही. अंधारं चित्र कुणालाच काही सांगत नाही, आणि फोटोग्राफरही फ्लॅश वापरतोच. पण सूर्य चुकीच्या दिशेने आणला, तर ते चित्र त्या घराचं राहत नाही.

चित्र बघताना काय तपासायचं?

- मंजूर नकाशावरचा उत्तरेचा बाण बघा. हॉलची खिडकी कुठे उघडते आणि चित्रात ऊन कुठून येतंय, हे जुळवा.
- सावल्या बघा. सोफ्याची सावली एकीकडे आणि खुर्चीची दुसरीकडे असेल, तर तिथे सूर्याखेरीज आणखी दिवे आहेत.
- खिडकीबाहेरचं दृश्य बघा. थेट उन्हाचा उजेड सुमारे १ लाख लक्स असतो, घरात रात्रीचा उजेड शे-दोनशे लक्स. कॅमेऱ्याला हा फरक एका फोटोत सहज पेलत नाही. बाहेरचं आभाळ निळंशार आणि घराचा प्रत्येक कोपराही उजळ असेल, तर उजेड वाढवलेला आहे असं समजा.
- शेजारच्या प्लॉटवर काय आहे आणि काय होऊ शकतं, हे जागेवर जाऊन विचारा.

ब्लेंडरमध्ये सन पोझिशन नावाचं अ‍ॅड-ऑन वापरता येतं. त्यात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ टाकली की सूर्य योग्य जागी जातो. एक गोष्ट लक्षात ठेवा. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून डिसेंबरात मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. नकाशावरची मापं घेऊन स्वतःच्या फ्लॅटचा साधा ठोकळा बांधला, तरी ऊन कुठवर येईल ते कळतं.

हे जमत नसेल, तर बिल्डरकडे सरळ मागणी करा: याच फ्लॅटचं २१ डिसेंबर आणि २१ मे रोजी सकाळी दहा आणि दुपारी चारचं चित्र द्या, शेजारच्या इमारतींसह. मॉडेल तयार असलेल्या आर्टिस्टसाठी हे फार मोठं काम नाही.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार, जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट यांतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं, तर त्याला भरपाई मागता येते. अर्थात, ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात 'चित्र केवळ कल्पनेसाठी' असंही छापलेलं असतं आणि उजेडावरून वाद सिद्ध करणं सोपं नाही. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे आधीच बघावेत आणि ब्रोशर जपून ठेवावं.

आणि टोकन देण्याआधी एकदा दुपारी चार वाजता साइटवर जाऊन यावं. खरा सूर्य तिथे असतोच, आणि त्याची दिशा कुणाला फिरवता येत नाही.