नंबर कुठल्या पट्टीवर?

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. एमएसच्या दोन पट्ट्या, हॅकसॉ, कानस आणि हाताला फोड. आमचे सर सुरुवातीलाच रोल नंबर पंच करायचे, पण दोनपैकी एकाच पट्टीवर. मग काय, दुसरी पट्टी सीनियरकडून आयती! (मीही आणलीय. सबमिशन कधीच झालंय, म्हणून सांगतो.)

अमेरिकेतल्या बंदुकांच्या वादाबद्दल वाचताना मला ही पट्टी आठवली. आपल्याला वाटतं, वाद एवढाच की बंदूक बाळगू द्यावी की नाही. तो आहेच, १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपासून. पण इंजिनिअरिंगवाल्याला छळणारा प्रश्न वेगळा आहे: बंदूक म्हणजे नक्की कोणता पार्ट?

१९३८ च्या तिथल्या कायद्यात बंदुकीचा प्रत्येक सुटा भागही ‘बंदूक’च होता. एवढ्या बारीकसारीक भागांचा हिशोब कोण ठेवणार? म्हणून १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने एकच भाग धरला: फ्रेम किंवा रिसीव्हर, म्हणजे ज्यात बाकीची यंत्रणा बसते तो सांगाडा. सिरियल नंबर त्यावर, दुकानातून घेताना चौकशी त्याचीच. नळी, ट्रिगर वगैरे केंद्रीय कायद्याने मोकळे.

आता गंमत बघा. २०२२ पर्यंतच्या नियमातल्या व्याख्येप्रमाणे हॅमर, बोल्ट आणि फायरिंगची यंत्रणा एकाच सांगाड्यात हवी होती. पण एआर-१५ रायफलचा सांगाडा दोन भागांचा. बोल्ट वरच्यात, हॅमर खालच्यात! शब्दशः धरलं तर रिसीव्हर कुठलाच नव्हता. सरकारने आपलं खालच्याला रिसीव्हर म्हणायचं ठरवलं.

त्याहून मोठी पळवाट म्हणजे अर्धवट रिसीव्हर. थोडं काम शिल्लक ठेवलेला तुकडा कंपन्या किटमध्ये विकायच्या. तुकडा ‘पूर्ण’ नाही, म्हणून नंबर नाही, चौकशी नाही. याच त्या घोस्ट गन. पोलिसांनी माग काढायला पाठवलेल्या अशा बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या, २०२१ मध्ये १९,००० च्या वर. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉगस हायस्कूलमध्ये १६ वर्षांच्या मुलाने किटपासून बनलेल्या अशाच पिस्तुलाने दोन विद्यार्थ्यांचा जीव घेतला.

२०२२ मध्ये सरकारने नियम केला: सहज पूर्ण होणारं किटही बंदूकच. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी तो उचलून धरला. न्यायमूर्ती गोर्सच यांचा मुद्दा मला पटला: सुट्या भागांत आणलेलं टेबल जोडायच्या आधीही आपण ‘टेबल आणलं’च म्हणतो.

पण विरोधकांनाही वेड्यात काढता येत नाही. स्वतःपुरती बंदूक घरी बनवणं तिथे पूर्वापार चालत आलंय. अर्धवट तुकडा बंदूक असेल, तर ॲल्युमिनियमचा ठोकळा का नाही? कोर्टानेही सगळीच किटं नियमात बसतील असं म्हटलेलं नाही. सगळं अडलंय ‘सहज’ या शब्दावर. ‘सहज’ म्हणजे किती मिनिटं, किती हत्यारं? टॉलरन्स न लिहिलेलं ड्रॉइंग आपण सबमिट केलं असतं तर?

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागच काय, शस्त्र बनवायची यंत्रंही ‘शस्त्र’ या शब्दात येतात. तरी देशी कट्टे बनतातच, ती गोष्ट वेगळी.

आमचे सर आता दोन्ही पट्ट्यांवर पंच मारतात. ज्युनिअर सांगतात, नंबरांचे पंच हार्डवेअरच्या दुकानात सेटमध्ये मिळतात.