लेखकाला काय वाटते?

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. मागच्या महिन्यात तिथला एक मुलगा सराव परीक्षेचा पेपर घेऊन आमच्याकडे आला. वडील बाजारात हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. गणितात पोराला चांगले गुण होते. उताऱ्यांवरच्या प्रश्नांत मात्र निम्म्याहून अधिक उत्तरे चुकली होती. "दादा, उतारा तर समजला होता, मग चुकलं कुठं?" हा त्याचा प्रश्न होता. पुष्कळ घरांतल्या मुलांचा तो प्रश्न असणार, म्हणून हा लेख.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ पासून आणि आपल्या राज्याच्या आयोगाने २०१३ पासून पूर्वपरीक्षेत 'सीसॅट' हा पेपर आणला. ८० प्रश्न, २०० गुण. आता हा पेपर फक्त पात्रतेपुरता आहे, पण त्यात ३३ टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरातली मेहनत वाया जाते. त्यात उताऱ्यांवर बरेच प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. अशा उताऱ्यांखाली 'लेखकाचा दृष्टिकोन कोणता?' असा प्रश्न आला की आपली मुले हमखास अडखळतात.

समजा उतारा असा आहे : 'आमच्या नगरपालिकेची तत्परता वाखाणण्यासारखी आहे. नळ बसवून सहा वर्षे झाली. आता त्यातून पाणी यायचे तेवढे राहिले आहे.' पर्याय चार : कौतुकाचा, उपरोधिक, तटस्थ, हताश. आम्ही हा उतारा त्या मुलाला दिला. त्याने 'हताश' लिहिले. का? तर त्याची आई पहाटे चारला उठून हंडा घेऊन रांगेत उभी राहते! म्हणजे पोराने स्वतःच्या घरची वेदना लेखकाच्या नावावर मांडली. वेदना खरी, पण उत्तर चूक. लेखक वरवर स्तुती करतो आणि शेवटच्या वाक्यात चिमटा काढतो. हा उपरोध.

उपरोध म्हणजे आपल्या घरातला टोमणा. उशिरा आलेल्या सुनेला सासू म्हणते, "आलीस का गं, लवकरच आलीस!" हे कौतुक नाही, हे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही कळते. तोच कान उताऱ्याला लावायचा.

दुसरी चूक याहून मोठी. लेखक पुष्कळदा आधी विरोधकाचे म्हणणे मांडतो आणि मग ते खोडतो. बाबासाहेबांचे १९३६ सालचे 'जातिप्रथेचे विध्वंसन' पाहा. जात म्हणजे कामाची वाटणी, हा समर्थकांचा युक्तिवाद ते आधी विचारात घेतात. मग दाखवून देतात की जात काम करणाऱ्या माणसांनाच वेगळे पाडते. जो अर्ध्यावर थांबेल तो बाबासाहेबांना जातीचे समर्थक ठरवील! म्हणून 'काहींच्या मते', 'असे म्हटले जाते' दिसले की सावध व्हावे. 'परंतु', 'मात्र', 'तथापि' यांच्यानंतर बहुधा लेखकाचे स्वतःचे मत येते. 'म्हणे', 'तथाकथित' हे शब्द शंका दाखवतात.

पर्यायांतल्या शब्दांचे अर्थही पक्के हवेत. चिकित्सक म्हणजे विरोधक नव्हे. तो गुण आणि दोष दोन्ही तपासतो. साशंक म्हणजे खात्री नसलेला. तटस्थ म्हणजे बाजू न घेता माहिती देणारा. 'तीव्र संताप' असा टोकाचा पर्याय निवडायचा तर उताऱ्यात तेवढेच जळजळीत शब्द हवेत. उत्तरावर खूण करण्याआधी उताऱ्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे, 'यावरून'. बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर ते मत आपले आहे, लेखकाचे नाही.

आरक्षण, गरिबी, झोपडपट्टी अशा विषयांवरचा उतारा आला की आपल्या मुलांचे रक्त तापते. ते तापणे चुकीचे नाही. पण त्या दोन तासांत लेखक काय म्हणतो एवढेच पाहायचे. त्याच्याशी भांडायला पुढे आयुष्य आहे, आणि अधिकारी झाल्यावर त्या भांडणाला वजनही येईल.

आईवडिलांना एक विनंती. याला क्लासची फी लागत नाही. रात्री जेवणानंतर मुलाकडून वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचून घ्यावा. आपल्याला वाचता येत नसले तरी दोनच प्रश्न विचारावेत : लिहिणाऱ्याचे म्हणणे काय? आणि कशावरून?

तो मुलगा सध्या रोज रात्री आईला अग्रलेख वाचून दाखवतो. परवा तो सांगत होता, "दादा, टोमणा कुठं आहे ते आई माझ्या आधी ओळखते."