गुहेतले हात, पाड्यावरची भिंत



शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील मुलांना आम्ही वेर्नर हेरझोग यांचा ‘केव्ह ऑफ फरगॉटन ड्रीम्स’ (२०१०) हा माहितीपट दाखवला. फ्रान्समधील शोवे गुहा १९९४ मध्ये सापडली. तिथली चित्रे तीस हजार वर्षांहून जुनी. दरड कोसळून तोंड बुजले, म्हणून ती टिकली. माणसांच्या श्वासानेही बिघडू नयेत म्हणून गुहा आज लोकांसाठी बंद आहे.

लाल हातांचे ठसे पाहून एक वारली मुलगी म्हणाली, “आमची आजीपण लग्नात पिठाचे हात उठवायची, चौक लिहायची.”

“ती भिंत कुठे आहे?” मी विचारले.

“कुडाची होती. आता घर सिमेंटचं झालं.”

पक्के घर हवेच. पण तांदळाच्या पिठाने चौक लिहिणारी आजी अजून आहे. या सुट्टीत मुले तिच्याकडे शिकायला बसणार आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.