मोटारीची काच आणि परवान्याची मर्यादा

मोटारीची समोरची काच बदलणे हे पूर्वी केवळ कारागिरीचे काम होते. जुनी काच सोडवावी, चौकट स्वच्छ करावी, चिकटद्रव्याने नवी काच बसवावी आणि ते पुरेसे घट्ट होईपर्यंत गाडी चालवू नये, एवढे पथ्य पुरेसे असे. आता मात्र अनेक गाड्यांत याच काचेमागे कॅमेरा असतो. मार्गिका ओळखणे, प्रसंगी आपोआप ब्रेक लावणे या क्रिया त्यावर अवलंबून असतात. त्याची दिशा १ अंशाने चुकली, तर १०० मीटरवरील वस्तूच्या स्थानात सुमारे १.७५ मीटरचा फरक पडतो. अमेरिकेतील महामार्गाची मार्गिका साधारणतः ३.६६ मीटर रुंद असते. म्हणजे ही चूक जवळजवळ अर्ध्या मार्गिकेएवढी झाली. म्हणून काच बदलल्यावर, ठराविक अंतरावर खुणांचा फलक मांडून अथवा गाडी रस्त्यावर चालवून, कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवावी लागते. यासच कॅलिब्रेशन म्हणतात.

या कामावर नियंत्रण कोणाचे? अमेरिकेत नव्या गाड्यांची सुरक्षामानके संघशासन ठरविते. दुरुस्तीच्या व्यवसायाचे नियमन मुख्यतः घटकराज्यांकडे आहे. त्यांच्या पद्धती भिन्न आहेत. कनेक्टिकटमध्ये मोटारींचे काचकाम हा परवान्याचा व्यवसाय असून, ठेकेदार व कारागीर या दोघांनाही परवाना लागतो. फ्लॉरिडात दुरुस्ती-केंद्राची नोंदणी होते. तेथील २०२३ च्या कायद्यान्वये कॅलिब्रेशन आवश्यक आहे काय आणि केंद्र ते निर्मात्याच्या निकषांनुसार करणार आहे काय, हे ग्राहकास लेखी कळविणे बंधनकारक झाले. काच बदलण्याचा विमादावा करावा म्हणून ग्राहकास भेटवस्तू वा रोख रक्कम देण्यासही त्याच कायद्याने मनाई केली.

या दोन पद्धतींतील भेद सूक्ष्म परंतु महत्त्वाचा आहे. पहिली कारागिराची पात्रता तपासते, दुसरी ग्राहकास माहितीचा हक्क देते. तथापि त्या विशिष्ट गाडीचा कॅमेरा अखेर योग्य दिशेस पाहतो की नाही, याची हमी परवान्याने मिळत नाही, तशी सूचनापत्रानेही मिळत नाही. संघीय कायद्यानुसार, मानकांन्वये बसविलेले सुरक्षासाधन दुरुस्ती-व्यावसायिकाने जाणूनबुजून निकामी करणे निषिद्ध आहे. पण येथील दोष बहुधा अजाणतेपणी घडतो.

काच नीट बसली नाही, तर पहिल्या पावसात पाणी झिरपून दोष उघडा पडतो. कॅमेऱ्याची चूक मात्र ब्रेक लागण्याची गरज पडेल त्या क्षणापर्यंत झाकलेली राहू शकते. म्हणून अशा व्यवसायाच्या नियमनात व्यक्तीच्या पात्रतेबरोबरच प्रत्येक कामाच्या फलिताची लेखी नोंद आवश्यक मानली पाहिजे.