विहिरीच्या भिंतीतली पृथ्वी
वरूडच्या जुन्या विहिरीत डोकावलो की मला पृथ्वीचा छेद दिसतो : वर काळी माती, खाली मुरूम, मग फत्तर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून हा बेसॉल्ट घडला. अखंड फत्तरात पाणी मावत नाही. ते मुरमात, भेगांत आणि थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत राहते. मुरूम पावसाळ्यात भरतो. खोल भेगा भरायला मात्र वर्षे लागतात. संत्र्याचा आंबिया बहार नेमका उन्हाळ्यात पाणी मागतो. विहीर आटते, बोअर खोल जाते आणि ती जुनी साठवण उपसली जाते. म्हणून मला वाटते, गावाने विहिरींची पातळी दिवाळीत आणि मे महिन्यात मोजावी. दिवाळीची पातळी ही जमा, मेमधली शिल्लक. बाग वाढवायची ती हा हिशेब पाहूनच.