चेन-सॉचे इंधन आणि वीस मिलिलिटर तेल

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि उन्मळून पडलेल्या झाडांनी गावोगावचे रस्ते अडविले. अशा प्रसंगी कुऱ्हाडीने तासन्‌तास चालणारे काम चेन-सॉ ही यांत्रिक करवत काही मिनिटांत उरकते. आपत्ती निवारणाच्या साहित्यात तिला स्थान मिळाले आहे, ते यामुळेच. परंतु वर्षभर कोठीत पडून राहिलेली करवत ऐन वादळात सुरूच झाली नाही, किंवा सुरू होऊन थोड्याच वेळात जाम झाली, तर तिचा उपयोग काय? या बिघाडाचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसते, ते इंधनाच्या डब्यात असते.

पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक चेन-सॉना टू-स्ट्रोक इंजिन असते. मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचे स्वतंत्र भांडे असते, तसे येथे नसते. म्हणूनच ही करवत आडवी, तिरपी, कशीही धरून चालविता येते. मात्र दट्ट्या, सिलिंडर व बेअरिंग यांना मिळणारे सारे वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच येते. नुसते पेट्रोल घातले तर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारे हे इंजिन कोरडे घासले जाऊन निकामी होते. जुन्या स्कूटरसाठी पेट्रोल पंपावर ‘टू-टी’ तेल मिसळून घेतल्याचे ज्यांना आठवते, त्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही.

प्रमाण किती असावे, हे यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. निर्मात्याने मान्य केलेल्या तेलासाठी ते बहुधा एकास पन्नास, म्हणजे एक लिटर पेट्रोलला वीस मिलिलिटर असते. पाच लिटरला शंभर. इतर टू-स्ट्रोक तेल वापरायचे झाल्यास काही निर्माते एकास पंचवीस, म्हणजे लिटरमागे चाळीस मिलिलिटर सांगतात. ‘टोपणभर’ हे माप येथे चालत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी वीस मिलिलिटरची सिरिंज या कामास पुरेशी आहे. तेल कमी पडले तर इंजिन जळते. ‘थोडे जास्त असलेले बरे’ ही समजूतही खरी नाही. जादा तेलाने धूर वाढतो आणि प्लग व धुराड्यात काजळी साचते.

तेल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचे असावे. डब्यावर ‘एपीआय टीसी’ अथवा ‘जासो एफसी’ वा ‘एफडी’ अशी खूण पाहावी. बोटीच्या इंजिनाचे ‘टीसी-डब्ल्यू ३’ तेल किनाऱ्यावरील गावांत सहज हाती येते, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते. मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक तेलही येथे निरुपयोगी होय.

आता पेट्रोलविषयी. चेन-सॉला साधारणतः ९० ऑक्टेन पुरते आणि पंपावरील साधे पेट्रोल त्याहून कमी नसते. अधिक ऑक्टेनसाठी अधिक पैसे मोजल्याने करवत अधिक जोराने कापत नाही. खरा प्रश्न इथेनॉलचा आहे. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. ऊस उत्पादकांच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि, अनेक चेन-सॉच्या पुस्तिकांत इथेनॉलची कमाल मर्यादा दहा टक्के दिलेली असते. त्याहून अधिक इथेनॉलाने रबरी नळ्या व कार्बोरेटरचे पडदे लवकर खराब होऊ शकतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणातील पावसाळी हवेत अर्धवट भरलेला, सैल झाकणाचा डबा पडून राहिला, तर पुरेसे पाणी शोषले गेल्यावर इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. करवतीच्या टाकीतील नळी तळातून इंधन ओढते. म्हणजे तेल अचूक मोजून घातलेले असूनही इंजिनाला मिळते ते वंगणाविना मिश्रण!

यास्तव खरेदीपूर्वीच पुस्तिकेतील इथेनॉलची मर्यादा विक्रेत्याकडून समजून घ्यावी आणि इथेनॉलविरहित पेट्रोल जवळपास मिळते काय, याची पंपावर चौकशी करावी. मिश्रण थोडेच करावे व महिन्याभरात संपवावे. ते करवतीच्या टाकीत न करता इंधनासाठीच्या स्वच्छ डब्यात करावे: आधी निम्मे पेट्रोल, मग तेल, हलवून झाल्यावर उरलेले पेट्रोल. डब्यावर प्रमाण व तारीख लिहावी. इंजिन गरम असताना टाकी भरू नये. भरल्यावर निदान तीन मीटर दूर जाऊन मगच ते सुरू करावे. साखळीच्या वंगणाची टाकी वेगळी असते, तीही प्रत्येक वेळी भरावी. तीत गॅरेजमधील काळे, वापरलेले तेल ओतण्याची काटकसर महागात पडते.

काम संपल्यावर करवत ठेवून देण्यापूर्वी टाकी रिकामी करावी व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. मे महिन्यातील पाहणीत गेल्या वर्षीचा डबा कोठीत सापडला, तर त्यातील थोडे इंधन काचेच्या बाटलीत ओतून पाहावे. तळाशी वेगळा थर दिसो वा न दिसो, ते करवतीत घालू नये. गटारात ओतूनही देऊ नये. ताजे पेट्रोल आणून, तेल मोजून, नवे मिश्रण करावे आणि पावसापूर्वी एकदा करवत चालवून पाहावी.