दाणा जड, पेंढा तारक

लोणावळ्यात पावसाळी गर्दीच्या दिवसांत हॉटेलांमागे शिळा भात, पाव, पोळ्या साचतात. अन्न वाया जाऊ नये, गाईच्या मुखी लागावं, ही भावना चांगलीच. पण पातेलंभर भात एकदम खाल्लेली गाय एक-दोन दिवसांत दगावू शकते. हे का घडतं, ते गोठ्याला आणि हॉटेलाला दोघांनाही ठाऊक हवं.

गाईनं गिळलेला घास आधी तिच्या पोटातले जिवाणू खातात. चार कप्प्यांपैकी पहिलं कोटीपोट. मोठ्या गाईचं 100 लिटरहूनही मोठं असतं. तिथं हवेविना चारा आंबतो आणि त्यातून निघणारी सौम्य आम्लं रक्तात जाऊन गाईला ताकद देतात. चारा तंतुमय असला की हे काम सावकाश चालतं. गाय तासन्‌तास रवंथ करते, दिवसाला 100 लिटरच्या घरात लाळ गिळते आणि लाळेतला सोडा आम्ल मारत राहतो. त्यामुळे कोटीपोटाचा सामू (pH) साधारण 6 ते 7 राहतो.

भात-पावातला स्टार्च मात्र काही तासांत आंबतो. रवंथ कमी, म्हणून लाळही कमी. सामू 5.5च्या खाली घसरला की तंतू पचवणारे जिवाणू मरू लागतात आणि लॅक्टिक आम्ल करणारे फोफावतात. हे आम्ल रक्तातलं पाणी पोटात ओढून घेतं. गाय चारा सोडते, रवंथ थांबते, आंबूस पातळ शेण पडतं आणि शेवटी ती उठेनाशी होते.

मग आंबवलेला मुरघास कसा चालतो? दाणा चिकात असलेल्या मक्याची कुट्टी दाबून, हवा काढून बंद केली की साखरेचा बराच भाग आधीच आंबून जातो. सामू 4च्या आसपास येतो, कुजणं थांबतं आणि दीडेक महिन्यात मुरघास तयार होतो. त्यात तंतू शाबूत असतात. बिअर कारखान्यातल्या बार्लीच्या चोथ्यातूनही स्टार्च बहुतांशी निघून गेलेला असतो. प्रथिनं आणि तंतू उरतात. पण तो ओला चोथा दोन-चार दिवसांत बिघडतो. दोन्ही खाद्यं आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावीत आणि बुरशी दिसली तर टाकून द्यावीत.

लोणावळ्याभोवतीचा मावळ हा भाताचा मुलूख. 1987 साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी वाणानं तांदळाला नाव मिळवून दिलं, पेंढ्याकडे मात्र कमी कसाचा म्हणून पाहिलं जातं. त्यात प्रथिनं थोडीच, हे खरं. पण गाईला रवंथ करायला लावतो तो पेंढाच. म्हणून आंबोण, म्हणजे दाण्याचं खाद्य, देण्याआधी पेंढा किंवा वैरण द्यावी. हॉटेलवाल्यांनी उरलेला भात उघड्यावर टाकू नये. आणि गाईनं तो खाल्लाच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावं. इथं उपचाराला मिळणारे तास फार थोडे असतात.